जेवणाच्या टेबलापाशी आवाज मोजा

लाइव्ह संगीत असलेल्या बारमध्ये वाढदिवसाचे जेवण ठरते, तेव्हा यजमानाला दोन गोष्टी एकाच छताखाली हव्या असतात: मित्रांशी मनसोक्त बोलणे आणि समोर माणसांनी वाजवलेले, गायलेले संगीत. टेबल राखून ठेवताना ती जागा या दोन्हींची हमी देत असते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी पहिली गोष्ट मिळत नाही आणि दुसरीही अर्धीच हाती लागते. शेजारच्याच्या कानाला तोंड लावून बोलावे लागते, समोरच्याशी हातवाऱ्यांवर निभावावे लागते, आणि मुख्य जेवण यायच्या आत घसा बसतो. लोक याला ‘माहोल’ म्हणून सोडून देतात. माझ्या मते हा माहोलाचा प्रश्न नाही, व्यवस्थेचा आहे. त्याची कारणे मोजता येतात, उपाय करता येतात. म्हणून जिथे जेवण वाढले जाते तिथे आवाजाची मर्यादा पाहुण्याच्या टेबलापाशी मोजावी, आणि ती अट बारच्या परवान्यातच असावी.

आधी आकडे समजून घेऊ, कारण डेसिबलचे गणित फसवे असते. दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. कानाला मात्र ३ डेसिबलचा फरक जेमतेम जाणवतो; आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल वाढावे लागतात. त्यामुळे मिक्सरवरची, म्हणजे वाद्यांचे आणि गायकाचे आवाज कमी-जास्त करण्याच्या यंत्रावरची, पट्टी थोडी थोडी वर सरकते तेव्हा कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि कानावरचा भार तेवढ्यात कित्येक पट झालेला असतो. बोलण्याच्या पातळ्याही ठरलेल्या आहेत. आयएसओ ९९२१ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार एक मीटर अंतरावर साधे बोलणे ६० डेसिबल, थोडे चढवलेले ६६, मोठ्याने ७२ आणि फार मोठ्याने बोलणे ७८ डेसिबल धरले जाते. आठ जणांच्या गोल टेबलावर समोरासमोरच्या दोन माणसांत साधारण दीड मीटर अंतर असते, म्हणजे यातले आणखी साडेतीन डेसिबल वाटेतच जातात.

आता हे गणित बारमध्ये मांडा. खोलीतला एकूण गोंगाट ७५ डेसिबल असेल, तर समोरच्याला शब्द कळावेत म्हणून ७८ च्या पातळीवर, म्हणजे जवळजवळ ओरडून बोलावे लागते. आणि तो आवाजही पलीकडे पोहोचतो तेव्हा गोंगाटाच्या बरोबरीचाच असतो. गोंगाट ७० च्या खाली राहिला, तर आवाज चढवून टेबलभर गप्पा चालतात. ८५ च्या पुढे फक्त कानाशी वाकून बोलता येते. टेबलावर संभाषण होणार की नाही, हे या पाच-दहा डेसिबलच्या पट्ट्यात ठरते. बार निवडताना सजावट, पदार्थांची यादी आणि भाव सगळे पाहता येते. हा एक आकडा मात्र कुठेही लिहिलेला नसतो.

यात आणखी एक चक्र फिरत असते. फ्रेंच कानतज्ज्ञ एत्येन लोम्बार यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवून दिले, की आजूबाजूचा आवाज वाढला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो. हे ठरवून होत नाही, आणि ठरवून सहजी थांबवताही येत नाही. पार्श्वभूमी दर डेसिबलने वाढली की बोलणारा साधारण अर्धा डेसिबल चढतो. एका टेबलाने आवाज चढवला की शेजारच्या टेबलासाठी तो गोंगाट ठरतो, तेही चढवतात, आणि ते परत पहिल्या टेबलाकडे येते. मग गायकाचा आवाज बुडतो, साउंडवाला गायकाची पट्टी वर नेतो, गिटारवादकाला स्वतःचे वाजवणे ऐकू येईना म्हणून तो अँपचा, म्हणजे गिटारच्या स्पीकरपेटीचा, आवाज वाढवतो. रात्री आठला ७२ वर असलेली खोली दहाला ९५ वर जाते, आणि या सगळ्यात कोणीही जाणूनबुजून चूक केलेली नसते. म्हणूनच ‘जरा हळू बोला’ किंवा ‘जरा हळू वाजवा’ अशा विनंत्यांचा उपयोग होत नाही. चक्र सुरू होण्याआधीच तोडावे लागते.

ते तोडण्याची सर्वांत स्वस्त जागा म्हणजे दोन सेटमधली विश्रांती. बँड साधारण ४५ मिनिटे वाजवतो आणि १५-२० मिनिटे थांबतो. ही १५-२० मिनिटे गप्पांची, भाषणाची, मेणबत्त्या विझवण्याची. नेमक्या याच वेळी कोणीतरी ध्वनिमुद्रित गाणी लावतो, तीही बँडच्या पातळीवर, ‘शांतता पडू नये’ म्हणून. कानांनाही उसंत मिळत नाही आणि घशालाही नाही. विश्रांतीतली गाणी बंद ठेवली, किंवा टेबलापाशी ६० च्या आसपास राहतील इतकी खाली आणली, तर पैसा न खर्चता पाहुण्यांच्या अर्ध्या तक्रारी मिटतील. एवढी साधी गोष्ट होत नाही, कारण ती कोणाच्याच कामात लिहिलेली नसते. बँड खाली उतरलेला असतो, साउंडवाला चहाला गेलेला असतो, आणि लॅपटॉपवर आधी लावून ठेवलेली यादी मिक्सरच्या त्याच पातळीवर सुरू होते.

पण मूळ दोष बहुतेक वेळा खोलीचा असतो, आणि या मुद्द्यावर मला जरा थांबायचे आहे, कारण मालक, पाहुणे आणि वादक तिघेही तो एकमेकांवर ढकलतात. आजकालची आवडती सजावट म्हणजे उघडे सिमेंट, काचेच्या भिंती, गुळगुळीत फरशी, लाकडी किंवा दगडी टेबले आणि वर उघडे पाइप. यातला एकही पृष्ठभाग आवाज पीत नाही. १८९० च्या दशकात हार्वर्डमध्ये वॉलेस सेबिन यांनी खोली किती घुमते हे मोजण्याचे सूत्र बसवले, ते आजही वापरात आहे: खोलीचे घनफळ गुणिले ०.१६१, भागिले एकूण शोषण. आवाज थांबल्यावर तो ६० डेसिबलने विरायला किती सेकंद लागतात, ते यातून कळते.

१२ मीटर लांब, ८ मीटर रुंद, साडेतीन मीटर उंच खोली घ्या. घनफळ ३३६ घनमीटर, सगळ्या पृष्ठभागांचे क्षेत्रफळ ३३२ चौरस मीटर. असे कडक पृष्ठभाग सरासरी ६ टक्केच आवाज शोषतात, म्हणजे शोषण सुमारे २० चौरस मीटर पूर्ण शोषक पृष्ठभागाइतके. रिकाम्या खोलीत आवाज २.७ सेकंद घुमत राहतो. ६० माणसे येऊन बसली की त्यांच्या कपड्यांमुळे, शरीरांमुळे प्रत्येकी साधारण ०.४५ चौरस मीटर शोषण वाढते, एकूण ४७ होते आणि घुमणे १.१५ सेकंदांवर येते. बोलण्यासाठी हेही जास्तच आहे. एका शब्दाची शेपटी विरायच्या आत पुढचे तीन-चार शब्द येतात आणि व्यंजने एकमेकांत मिसळतात. आता ९६ चौरस मीटरच्या छतापैकी ६० चौरस मीटरवर ८५ टक्के शोषण करणारी पॅनेल लावा. शोषण ९४ होते, घुमणे ०.६ सेकंदांच्या आत येते. शोषण दुप्पट झाल्याने खोलीत भरून राहिलेला आवाज ३ डेसिबलने उतरतो. तेवढ्यावर थांबत नाही: प्रत्येक टेबलाला कमी आवाज चढवावा लागत असल्याने लोम्बारचे चक्र उलटे फिरते, आणि माणसांच्या बोलण्याचा गोंगाट प्रत्यक्षात सुमारे ६ डेसिबलने खाली येतो. एक छत झाकल्याचा हा परिणाम आहे.

काय लावायचे, यात मात्र जिवाशी खेळ होऊ शकतो. कापडात गुंडाळलेली काचलोकर किंवा खनिजलोकर, ५० मिलिमीटर जाडीची, छतापासून तेवढीच फट सोडून, हे बोलण्याच्या पट्ट्यासाठी पुरेसे आहे. बासचा, म्हणजे खालच्या खोल स्वरांचा, घुमारा याने कमी होत नाही. त्यासाठी कोपऱ्यांत १०० मिलिमीटर किंवा त्याहून जाड भर लागते. अंड्यांचे पुठ्ठे, पातळ गालिचे, भिंतीला चिकटवलेला अर्ध्या इंचाचा स्पंज यांचा उपयोग जवळजवळ शून्य. स्वस्त पॉलियुरेथेन फोम तर लावूच नये. २००३ साली अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या ‘द स्टेशन’ या क्लबमध्ये रंगमंचावरच्या आतषबाजीने असा फोम पेटला आणि १०० माणसे मेली. २०१३ साली ब्राझीलच्या सांता मारिया शहरात ‘किस’ नावाच्या नाइटक्लबमध्ये तेच घडले, २४२ जण गेले. दोन्ही ठिकाणी फोम आवाजासाठीच लावलेला होता. म्हणून पॅनेलच्या आगरोधक दर्जाचे प्रमाणपत्र मागणे ही औपचारिकता समजू नये. वाढदिवसाच्या केकवर किंवा बाटलीवर लावतात त्या ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्या कमी उंचीच्या, स्पंज लावलेल्या छताखाली कधीही पेटवू नयेत. तशी सूचना नसेल आणि वेटरच त्या पेटवून आणत असेल, तर यजमानाने सरळ नकार द्यावा.

खोलीनंतर रंगमंच. छोट्या जागेत आवाजाची खालची मर्यादा ड्रम ठरवतात, कारण त्यांना बटण नसते. बंद खोलीत काठ्यांनी वाजवलेला स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) आणि क्रॅश (मोठी झांज) जवळच्या टेबलांवर सहज ९५ च्या पुढे जातो, माइक नसतानाही. मग गायकाला त्याच्या वर आणायचे तर स्पीकरमधून ९८-१०० द्यावे लागतात. म्हणजे आवाज कमी करायची सुरुवात मिक्सरपासून करणे चुकीचे. ती ड्रमपासून करावी लागते. काठ्यांऐवजी बारीक काड्यांच्या जुड्या म्हणजे रॉड्स किंवा ब्रश, पातळ आणि अंगाने लहान सिंबल, स्नेअरच्या कातड्यावर थोडे ओलसर जेल किंवा कापड, बेस ड्रममध्ये उशी, यांनी ड्रमचा आवाज स्पष्टपणे खाली येतो आणि लय जात नाही. ड्रमसमोर नुसती पारदर्शक भिंत उभी करून भागत नाही. मागे आणि वर शोषक भर नसेल, तर आवाज तिच्यावर आपटून छतावरून खोलीतच येतो, शिवाय ड्रमवादकाच्या कानांवर दुप्पट भार पडतो. छोट्या जागेत चार वादकांचा बँड बोलावताना मालकाने पहिला प्रश्न विचारावा तो हा: ड्रमवादक हळू हाताने चांगले वाजवतो का? हे कसब जोरात वाजवण्यापेक्षा अवघड आहे, आणि त्याचे मानधनही तसेच असायला हवे.

गिटारचा अँप जमिनीवर असतो आणि वादकाच्या गुडघ्यांकडे तोंड करून असतो. तिखट आवाज सरळ रेषेत जातो, त्यामुळे वादकाला तो कमी ऐकू येतो आणि समोरच्या टेबलाच्या डोक्यात शिरतो. अँप खुर्चीवर ठेवला किंवा मागे कलता करून वादकाच्या कानाकडे वळवला, की तो स्वतःच आवाज कमी करतो. त्याला सांगावेही लागत नाही. गायकासमोरचे जमिनीवरचे मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारे स्पीकर, हीसुद्धा अशीच जागा. चार मॉनिटर म्हणजे चार जास्तीचे स्पीकर, तेही मागच्या भिंतीवर मारा करणारे. शक्य असेल तिथे कानात घालायचे मॉनिटर वापरावेत. नसतील तर माइकचा प्रकार पाहून मॉनिटर ठेवावा: साध्या कार्डिऑइड माइकला नेमके मागून सर्वांत कमी ऐकू येते, सुपरकार्डिऑइडला मागच्या बाजूने तिरके, माइकच्या तोंडापासून साधारण १२५ अंशांवर. सुपरकार्डिऑइडच्या बरोब्बर मागे मॉनिटर ठेवला तर माइक शिट्टी मारतो, मग साउंडवाला गायकाचा आवाज कापतो, आणि गायक ओरडून गाऊ लागतो. पाहुण्यांना वाटते गायकच बेसूर आहे.

मुख्य स्पीकरची चूक तर सगळीकडे दिसते: रंगमंचाच्या दोन बाजूंना उंचीला कमी असे दोन मोठे स्पीकर, आणि तेच पूर्ण खोलीला पुरवायचे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबल उतरतो. पहिले टेबल दोन मीटरवर आणि शेवटचे बारा मीटरवर असेल, तर स्पीकरकडून थेट येणाऱ्या आवाजात सुमारे १५ डेसिबलचा फरक पडतो. मागच्यांना ऐकू यावे म्हणून पुढच्यांचे कान सोलले जातात. घुमण्यामुळे हा फरक खोलीत थोडा भरून निघतो, पण तो भरणारा आवाज अस्पष्ट असतो, म्हणून मागचे लोकही समाधानी नसतात. उपाय अवघड नाही. चार ते सहा लहान स्पीकर उंचावर, खाली कलते करून, खोलीभर विभागून लावायचे, प्रत्येक थोड्याच आवाजावर. रंगमंचापासून दूरच्या स्पीकरना दर मीटरला सुमारे ३ मिलिसेकंदांचा विलंब द्यायचा, म्हणजे नऊ मीटरवरच्या स्पीकरला २६-२७. नाहीतर मागच्या टेबलांना जवळच्या स्पीकरचा आवाज आधी आणि रंगमंचाचा नंतर येतो, आणि ताल दुहेरी ऐकू येतो. सबवूफर, म्हणजे फक्त बासचा स्पीकर, कोपऱ्यात ढकलला की तीन पृष्ठभागांमुळे बास फुगतो; तो भिंती ओलांडून शेजाऱ्यांकडे जातो, आणि आत बोलण्यातली व्यंजने झाकून टाकतो. व्यंजनांची ओळख मुख्यतः दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात होते. गिटार आणि कीबोर्डमधून हा पट्टा थोडा उतरवला, तर गायकाचे शब्द त्याच पातळीवर जास्त स्पष्ट येतात आणि पट्टी वर न्यावी लागत नाही.

एवढे करूनही जोशाचे संगीत मोठ्यानेच व्हायला हवे, असा आक्षेप येईल, आणि तो मी गांभीर्याने घेतो. काही संगीत अंगावर घ्यायचेच असते. बास छातीत जाणवल्याशिवाय ते पूर्ण होत नाही. तसे संगीत व्हावे, जरूर व्हावे, पण ते उभे राहून, तिकीट काढून, ऐकायलाच आलेल्या लोकांसमोर. टेबल मांडून, जेवण वाढून, वाढदिवसाच्या आरक्षणात दहा माणसांना तीन तास बसवून ते करणे हा त्या संगीतावरही अन्याय आहे. समोर दहा जण एकमेकांकडे वळून ओरडत असताना गाणाऱ्याची काय अवस्था होते, हे रंगमंचावरून पाहिलेल्या कोणालाही विचारा. ज्या जागेला दोन्ही करायचे आहे तिने खोलीचे दोन भाग करावेत: पुढे नाचणाऱ्यांचा आणि ऐकणाऱ्यांचा पट्टा, मागे किंवा बाजूला जेवणाची टेबले, आणि दोन्हींसाठी वेगळे स्पीकर.

मालकांचा दुसरा समज असा, की आवाज मोठा असला की लोक बोलत नाहीत, पितात, आणि गल्ला वाढतो. समजा असे होत असेल, तरी पाहुण्याला न सांगता त्याच्या कानांच्या जिवावर विक्री वाढवणे मान्य करता येत नाही. शिवाय जेवणाचा हिशेब वेगळा आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मोठ्या पार्श्व-आवाजात खाणाऱ्यांना पदार्थांतला गोडवा आणि खारटपणा कमी जाणवला. स्वयंपाकघराने जीव ओतून केलेली चव बाहेरच्या स्पीकरने पुसून टाकायची, यात कोणाचा फायदा?

कानांचा प्रश्न त्याहून मोठा आहे, आणि तो फक्त पाहुण्यांचा नाही. अमेरिकेतील नायॉश ही कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी सरकारी संस्था ८५ डेसिबलला आठ तासांची मर्यादा सांगते, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ अर्धी करते: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास, १०० ला १५ मिनिटे. पाहुणा वर्षातून चार वेळा येतो. वेटर आणि बारमागचा माणूस आठवड्यातून पाच-सहा रात्री तिथेच असतो. ४५ मिनिटांचे तीन सेट म्हणजे १३५ मिनिटे. टेबलांपाशी ९७ डेसिबल असतील, तर त्याच्या दिवसाच्या मर्यादेच्या साडेचार पट भार केवळ या सेटमध्ये त्याच्यावर पडतो. तेच सेट ८८ वर झाले, तर मर्यादेच्या ५६ टक्के. फरक फक्त ९ डेसिबलचा आहे. २००९ साली उंदरांवर झालेल्या एका संशोधनात असेही दिसले, की ऐकू येण्याची चाचणी पुन्हा पूर्ववत झाल्यावरही कानातील पेशी आणि मज्जातंतू यांच्यामधले जोड कायमचे तुटलेले राहू शकतात. म्हणून ‘सकाळी कानातली शिट्टी थांबली, म्हणजे झाले’ हा दिलासा खोटा ठरू शकतो.

नियम जगात आहेत, पण ते या प्रश्नासाठी बेतलेले नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या जागांसाठी मानक दिले: १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या आत, आवाजाचे सतत मापन, इअरप्लगची सोय, शांत जागा, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण. फ्रान्समध्ये १०२ ची मर्यादा आहे, आणि बाससाठी वेगळ्या मोजपट्टीवर ११८ ची. मला सर्वांत व्यवहार्य वाटते ती स्वित्झर्लंडची पद्धत. तिथे तासाच्या सरासरीवर ९३ पर्यंत फारशा अटी नाहीत. त्यापुढे जायचे तर आधी कळवावे लागते, प्रेक्षकांना सूचना लावावी लागते आणि फुकट इअरप्लग द्यावे लागतात. ९६ च्या वर तीन तासांहून अधिक चालायचे असेल तर आवाजाची नोंद ठेवावी लागते आणि ८५ च्या आतली विसाव्याची जागा राखावी लागते. यातले तत्त्व योग्य आहे: आवाज वाढवण्याची मुभा आहे, पण त्याबरोबर जबाबदारीही वाढते. कमी पडते ते इतकेच, की हे सगळे ऐकायला आलेल्या गर्दीला समोर ठेवून लिहिलेले आहे. जेवायला बसलेल्या माणसाला १०० डेसिबलची मर्यादा म्हणजे मर्यादाच नाही. १०० आणि ८८ मध्ये ऊर्जेचा फरक सोळापट आहे.

म्हणून जेवण देणाऱ्या जागांसाठी वेगळी अट हवी. सेट चालू असताना जेवणाच्या कोणत्याही टेबलापाशी, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला म्हणजे जमिनीपासून सुमारे १.२ मीटरवर, १५ मिनिटांची सरासरी ८८ च्या आत. विश्रांतीत लोकांसह ७०, आणि त्यासाठी ध्वनिमुद्रित संगीत तेवढेच खाली. पुढचा ऐकणाऱ्यांचा पट्टा यातून वगळलेला, पण तिथे इअरप्लग ठेवलेले. मोजमापाचा चालू आकडा साउंडवाल्यासमोर आणि दारापाशी, दोन्हीकडे दिसणारा. आणि आरक्षण घेतानाच सांगणे: या रात्री ड्रमसह बँड आहे की नाही, सेट किती वाजता, आणि तुमच्या टेबलापाशी साधारण किती आवाज असतो. यातले शेवटचे कलम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण बाजारावर सोडून द्या म्हणणाऱ्यांचे उत्तर त्यात आहे. ग्राहकाने निवड करावी असे वाटत असेल, तर त्याला टेबलावर बसण्याआधी माहिती मिळायला हवी. आज ती मिळते तेव्हा पेये मागवून झालेली असतात आणि नववा मित्र वाटेत असतो.

मोजणे कठीण असते ही सबब आता टिकत नाही. दुसऱ्या वर्गाच्या (क्लास २) अचूकतेचे ध्वनिमापक, सरासरी काढणारे, छोट्या व्यवसायाच्या आवाक्यात आहे. फोनवरचे ॲप अंदाजासाठी ठीक. पण बऱ्याच फोनचे माइक मोठ्या आवाजावर स्वतःच आवाज दाबतात, त्यामुळे खरी पातळी कमी दिसते. भांडण मिटवायला तो आकडा पुरावा म्हणून वापरू नये. आणि फक्त नेहमीच्या ‘ए’ मोजपट्टीवर विसंबू नये. ती बासला जवळजवळ मोजतच नाही. बासही मोजणाऱ्या ‘सी’ मोजपट्टीचा आकडा ‘ए’ पेक्षा १५-२० ने जास्त येत असेल, तर सबवूफर खाली आणायची वेळ झालेली असते.

नियम येईपर्यंत यजमानाच्या हातात बरेच काही आहे. वाढदिवस आहे म्हटल्यावर बारवाले प्रेमाने सर्वांत पुढचे टेबल देतात. ते घेऊ नये. गप्पा मारायला आलेले दहा जण रंगमंचासमोर बसले, तर त्यांचे बोलणे होत नाही आणि गायकासमोर पाठी वळवलेल्या माणसांची रांग उभी राहते. स्पीकरच्या सरळ रेषेत नसलेले, मागच्या किंवा बाजूच्या भिंतीजवळचे, पडदा किंवा गादीची पाठ असलेले टेबल मागावे. बारा जणांसाठी एकच लांब टेबल जोडू नये. टोकापासून टोकापर्यंत साडेतीन मीटर होतात आणि ज्याचा वाढदिवस तो फक्त तिघांशी बोलतो. सहा-सहाची दोन गोल टेबले लावावीत आणि त्याने पहिल्या सेटनंतर जागा बदलावी. कमी ऐकू येणारा मित्र असेल तर त्याला विचारून जागा ठरवावी. श्रवणयंत्रे बहुधा समोरचा आवाज उचलतात आणि मागचा दाबतात, त्यामुळे त्याची पाठ बँडकडे आणि तोंड मित्रांकडे असलेले बरे, चेहऱ्यांवर उजेड असलेल्या बाजूला. यंत्रासोबत टेबलावर ठेवायचा माइक असेल तर तो आणायला सांगावे.

वेळेची आखणीही करावी लागते. पहिल्या सेटच्या निदान अर्धा तास आधी सगळे बसलेले असावेत आणि मुख्य जेवणाची ऑर्डर सेट सुरू होण्याआधी गेलेली असावी. विश्रांती झाली की सगळी टेबले एकदम मागवतात आणि स्वयंपाकघर तुंबते. मग ताटे नेमकी दुसऱ्या सेटच्या सर्वांत जोरदार गाण्यात येतात. केक पहिल्या विश्रांतीत कापावा. बँडने वाढदिवसाचे गाणे वाजवावे असे वाटत असेल तर सेट सुरू होण्याआधी बँडच्या प्रमुखाला नाव, त्याचा उच्चार आणि टेबल कुठे आहे हे कागदावर लिहून द्यावे. गाणे चालू असताना रंगमंचापाशी जाऊन कानात सांगू नये. दोन शब्द बोलायचे असतील तर साउंडवाल्याकडून विश्रांतीत माइक मागून घ्यावा आणि दोन मिनिटांत आटोपावे. त्याने नाही म्हणण्याचे कारण नसते, आणि ओरडून केलेले भाषण शेजारच्या चार टेबलांना नको असते. हळुवार गाणे सुरू झाले की बोलणे थांबवावे, निदान तेवढे गाणे. इअरप्लग बरोबर ठेवावेत. संगीतासाठीचे, सगळे स्वर सारखे उतरवणारे, सुमारे १५ डेसिबल कमी करणारे. साधे स्पंजाचे वरचे स्वर जास्त कापतात, त्यामुळे गाणे कोंदट लागते आणि लोक ते काढून टाकतात.

आणि आवाज असह्य झाला तर वेटरकडे तक्रार करून उपयोग नाही. त्याच्या हातात मिक्सर नाही, आणि त्याचे कान तुमच्यापेक्षा जास्त वेळ तिथेच राहणार आहेत. व्यवस्थापकाला बोलवावे आणि नेमके सांगावे: ‘या टेबलावर स्पीकर सरळ येतो आहे, टेबल बदलून द्या,’ किंवा ‘विश्रांतीतली गाणी खाली करा.’ नेमकी मागणी मान्य करणे त्याला सोपे जाते. निघताना अभिप्रायाच्या कागदावर पदार्थांबरोबर आवाजाबद्दलही लिहावे, टेबलाच्या क्रमांकासह, म्हणजे कोणता स्पीकर हलवायचा हे त्यांना कळेल.